पेच सापडेपर्यंत



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी छापील नाटुकली आणत नसत, मुलांकडूनच लिहून घेत. पहिल्यांदाच काही लिहायला बसणाऱ्या माणसाशी बोलायला याहून योग्य व्यासपीठ कुठलं असणार? आज मी पहिल्या पटकथेबद्दल बोलणार आहे, आणि तेही पटकथेचं पहिलं पान लिहिण्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल. कथाबीज कसं सापडतं आणि ते वाढवायचं कसं, एवढाच माझा विषय.

पटकथेच्या शिबिरांमधून तरुण मुलं-मुली भेटतात. वहीच्या पहिल्या पानावर विषय लिहिलेला असतो. पाणीटंचाई. स्पर्धा परीक्षांत वर्षं घालवणारी पोरं. गावाकडे एकटे राहिलेले आईवडील. आंतरजातीय लग्न. विषय खरे असतात, कळकळही खरी असते, कित्येकांनी ते घरात भोगलेलं असतं. तरी पंधरा-वीस पानांनंतर गाडं अडतं. मग मुलं म्हणतात, आम्हाला संवाद जमत नाहीत, किंवा इंटरव्हलपर्यंत काय घडवायचं तेच सुचत नाही. खरं दुखणं त्याच्या बरंच आधीचं असतं. पाणीटंचाई ही परिस्थिती झाली. त्या परिस्थितीत कुणा एकाला काही ठरवावं लागत नाही, तोवर कॅमेऱ्यासमोर नुसते रिकामे हंडे असतात, आणि ते पाच मिनिटांत बघून होतात.

त्या ‘कुणा एकाला काही ठरवावं लागणं’ याला मी पेच म्हणते. एका माणसाला एक गोष्ट हवीच आहे. ती मिळवायची तर तितकीच जिवाची दुसरी गोष्ट हातची जाणार आहे. आणि उद्यावर ढकलायची सोय त्याला उरलेली नाही. हे तिन्ही जुळून आले की कथाबीज हाती आलं असं समजावं. यातलं एक जरी नसलं तरी लिहायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘सामना’ घ्या. १९७५ सालचा चित्रपट, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं पहिलं चित्रपट-दिग्दर्शन. विषय काय, तर सहकारातून उभी राहिलेली ग्रामीण सत्ता. एवढ्या विषयावर शोधनिबंध होतो. तेंडुलकरांनी काय केलं? एकेकाळचा ध्येयवादी, आता दारूत बुडालेला, घरदार नसलेला मास्तर त्यांनी हिंदुराव धोंडे-पाटलाच्या गावात आणून सोडला. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. आणि याच मास्तराच्या कानावर मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाची गोष्ट पडते. आता बघा, ज्याच्या अन्नावर आणि दारूवर हा माणूस जगतोय, त्यालाच उखडून टाकील असा प्रश्न त्याच्या तोंडात आला. विचारावा तर आसरा जातो, गिळावा तर स्वतःबद्दल उरलीसुरली इज्जत जाते. साखर कारखाना, राजकारण, गावातली दहशत, सगळं चित्रपटात येतं, पण या एका प्रश्नाच्या मागून येतं. मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू आणि हिंदुराव झालेले निळू फुले समोरासमोर बसून बोलतात तेव्हा आपण श्वास रोखून बघतो, त्यामागे अभिनयाचं बळ आहेच. पण त्याआधी लेखकाने त्या दोघांना अशा जागी बसवलं आहे की कुणालाही सहज उठून जाता येऊ नये.

याच्याही मागे, अगदी मुळाशी जाऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९११ च्या सुमारास गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपले कृष्ण आणि राम उभे राहिले, हे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलं. पण १९१३ साली पडद्यावर आला तो ‘राजा हरिश्चंद्र’. कृष्ण आला पाच वर्षांनी, १९१८ मध्ये. हरिश्चंद्र आधी निवडण्यामागे त्यांच्या काय काय अडचणी आणि कोणते हिशेब असतील ते असोत. पटकथेच्या बाजूने पाहिलं तर मला त्यांची निवड फार मोलाची वाटते. कृष्णाच्या चरित्रात पराक्रम आहेत, लीला आहेत, एकेक प्रसंग डोळे दिपवणारा आहे. हरिश्चंद्राच्या गोष्टीत पहिल्या पावलापासून पेच आहे. शब्द पाळायचा तर राज्य जातं. राज्य दिल्यावर दक्षिणेसाठी बायको-मुलगा विकावे लागतात. आणि शेवटी स्मशानात, मुलाचं प्रेत घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोकडे कर मागायचा की नाही, अशी वेळ येते. बोलपटाचा जमाना यायला अजून पुष्कळ अवकाश होता. मूकपटात संवाद नाहीत, तरी तो प्रसंग कुणालाही कळतो. कारण त्या माणसासमोर दोनच वाटा आहेत आणि दोन्हींवर काटे आहेत, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

आणि याच फाळक्यांवर चित्रपट करायचा झाला तेव्हा परेश मोकाशींनी काय केलं तेही शिकण्यासारखं आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा त्यांचा पहिला चित्रपट, २००९ चा. फाळके १८७० ला जन्मले आणि १९४४ ला गेले. उतारवयातली हलाखी, विस्मरण, हे सगळं हाताशी होतं, आणि रडवायला फार सोपं होतं. मोकाशींनी त्या सगळ्या आयुष्यातली मोजकी वर्षं उचलली. धंदा सुटलेला माणूस सिनेमा पाहतो आणि त्याला तो करायचाच आहे, तिथपासून पहिला चित्रपट यशस्वी होण्यापर्यंत. हवं ते एकच, अडथळे असंख्य. चरित्रपट लिहू पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगते की आख्खं आयुष्य घेऊ नका. त्या आयुष्यात पेच कधी घट्ट होतो आणि कधी सुटतो, ते शोधा आणि त्याच्या अलीकडचं-पलीकडचं निर्दयपणे सोडून द्या. जन्मापासून सुरुवात करणाऱ्या किती वह्या मी पाहिल्या! नायकाचं बारसं होईस्तोवर वाचणारा थकतो.

मंगेश हाडवळेंचा ‘टिंग्या’ २००८ मध्ये आला, तोही पहिलाच चित्रपट. शेतकऱ्याचा बैल खड्ड्यात पडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर आलेली, कर्ज डोक्यावर, जायबंदी बैल खाटकाला विकून दुसरा आणल्याशिवाय बापाला गत्यंतर नाही. टिंग्या या मुलाचा त्या बैलावर, चितंग्यावर, जीव. एवढं झालं तरी कथाबीज अर्धंच होतं, कारण प्राण्यावर माया करणारं मूल आपण पुष्कळ पाहिलंय. हाडवळेंनी शेजारच्या घरात टिंग्याच्या मैत्रिणीची आजारी आजी ठेवली. तिच्यासाठी मोठी माणसं धावपळ करतात. टिंग्याला कळत नाही, म्हाताऱ्या आजीला औषधपाणी आणि माझ्या चितंग्याला खाटीक, असं का? या प्रश्नाला बापाकडे उत्तर नाही, गावाकडे नाही, खुर्चीत बसलेल्या आपल्याकडेही नाही. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाबद्दल कुणी भाषण करत नाही. मुलाने विचारलेला हा प्रश्न ऐकताना ते कर्ज आपल्याला पुरतं कळतं.

पेच घट्ट कसा करायचा हे मात्र ‘श्वास’मध्ये सर्वांत चांगलं दिसतं. २००४ चा हा चित्रपट संदीप सावंतांनी माधवी घारपुरे यांच्या कथेवरून केला. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात. मुलाच्या डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. ऐकताक्षणी अंगावर काटा येतो, तरी एवढ्यावर चित्रपट उभा राहत नाही. कारण निर्णय उघड आहे: जीव वाचवायचाच. कुठलाही आजोबा तेच करील. म्हणजे पेच तिथे नाही. मग आहे कुठे? या पोराला हे सांगायचं कुणी? आणि सांगितल्यावर उरलेल्या थोड्या वेळाचं करायचं काय? शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन दवाखान्यातून नाहीसे होतात, जग दाखवायला. दवाखान्यात धावपळ उडते, डॉक्टर संतापतात, आणि त्यांचंही चूक नसतं. सोपा निर्णय बाजूला ठेवून त्याच्या आड दडलेला अवघड निर्णय शोधणं, हे या पटकथेचं मर्म. पहिल्यांदा सुचलेला पेच बहुधा वरवरचा असतो. त्याच्या आणखी एक पाऊल आत जावं लागतं.

इथे कुणी जाणकार म्हणेल, ‘कोर्ट’चं काय? चैतन्य ताम्हाणेंचा हाही पहिलाच चित्रपट, २०१४ चा. म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. शाहीर फारसं काही ठरवत नाही, तारखा पडत राहतात. आक्षेप रास्त आहे. तिथला पेच एका माणसाचा नाही. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते, न्यायाधीश सहलीला जातात. कुणीच दुष्ट नाही आणि तरी एक माणूस भरडला जातोय. ही रचना विलक्षण आहे. पण तीसुद्धा एका अगदी नेमक्या खटल्यावर, नेमक्या आरोपावर उभी आहे. ‘न्यायव्यवस्थेतला विलंब’ एवढ्यावर ती उभी राहिली नसती. माझा आग्रह नायकाचा नाही, नेमकेपणाचा आहे.

आता एक कथाबीज आपण इथेच वाढवून बघू.

रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्र आलं त्याला बरीच वर्षं झाली. कष्टकरी म्हाताऱ्या माणसांचा अंगठा त्यावर उठत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. बाई रांगेतून पुढे येते, पदराला अंगठा पुसते, यंत्रावर टेकवते. दुकानदार म्हणतो, दाबू नका, नुसता ठेवा. मग दुसरं बोट. मग डाव्या हाताचं. मागून कुणीतरी म्हणतं, मावशी, आवरा. दुकानदार वाईट माणूस नसतो, यंत्राने पावती दिल्याशिवाय त्यालाही धान्य देता येत नाही. आयुष्यभर वीटभट्टीवर, कांद्याच्या वावरात, दुसऱ्यांच्या घरी भांड्यांवर बोटं झिजली, आणि आता ही बोटं या बाईची आहेत हे यंत्राला पटत नाही.

हा अनुभव हृदय पिळवटणारा आहे आणि तरीही ही गोष्ट नव्हे. आपण नुसतं पाहिलंय. पुढे विचारायचं: हिच्या घरी कोण? समजा एक नात. आईबाप नाहीत. नातीचं नाव कार्डावर आहे आणि तिचा अंगठा उठतो. म्हणजे अंत्योदयचं महिन्याचं ३५ किलो धान्य घरात येतं ते या दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या अंगठ्यावर. पोर पाचवीत, हुशार. नवोदयची परीक्षा देते आणि निवडली जाते. नवोदय विद्यालय निवासी असतं, सहावीपासून तिथेच राहायचं. पोरगी गेली तर आजीच्या पातेल्यात शिजवायला काय? हजर होण्याची तारीख ठरलेली, म्हणजे वेळेचा फासही आला. आता हे कथाबीज झालं.

पेच कुणाचा, नातीचा की आजीचा? पुष्कळजण नात निवडतील, कारण मूल गोड दिसतं. मी आजी निवडीन. नातीला न जाणं सोपं आहे, तिला घर सोडायचंच नसेल. आजीला मात्र तिला पाठवायचंच आहे, आणि त्यासाठी तिला काहीतरी करावं लागणार. काय करील ती? खोटं बोलेल. म्हणेल, ‘अगं, परवा दुकानात गेले होते, उठला की माझा अंगठा.’ आता हे खोटं निभवायचं तर धान्य घरात दिसलं पाहिजे. ती गुपचूप शेळीचं करडू विकते, बाजारातून तांदूळ आणते, रेशनच्या पिशवीत भरून कोपऱ्यात ठेवते. संध्याकाळी नात ताटात घेऊन निवडायला बसते आणि हात थांबतो. ‘आजी, यात खडाच नाही.’ एवढंच वाक्य. या प्रसंगात दोघींचं प्रेम आहे, गरिबी आहे, सरकारी व्यवस्था आहे, आणि कुणी कशाबद्दलही बोललेलं नाही.

एवढं सुचल्यावर लेखकाने उठून दुकानात जावं. दुकानदाराशी, तालुक्याच्या पुरवठा विभागातल्या माणसाशी बोलावं. तिथे कळेल की ज्यांचा अंगठा उठत नाही अशा वृद्धांसाठी दुसरा माणूस नेमून धान्य नेण्याची सोय शासनाने ठेवलेली आहे. इथे नवखा लेखक हताश होतो. नियमात वाट आहे म्हणजे माझी गोष्टच गेली! उलट गोष्ट इथे सुरू होते. नेमायचं कुणाला? वाडीत जवळचं घर एकच, जावेचं. आणि जावेशी बांधावरून भांडण. नवरे गेले, दोघी म्हाताऱ्या झाल्या, तरी एकमेकींच्या दारात पाय ठेवत नाहीत. म्हणजे नातीला शिकायला पाठवायचं तर आजीला त्या दारात जाऊन उभं राहावं लागणार. ही माहिती घरी बसून सुचली नसती. वास्तवातल्या नियमांची चौकशी केली की पेच सैल पडत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या जागी जाऊन जास्त घट्ट बसतो.

शेवट? एक शेवट असा की जाऊ बांधाची पट्टी मागते आणि आजी देते. नाट्य आहे, पण व्यवहार मिटला की गोष्टही तिथेच मिटते. दुसरा असा की जाऊ काहीच मागत नाही, पहिल्या तारखेला पिशवी घेऊन रांगेत उभी राहते, आणि आजीला तिच्या उपकाराखाली रोज जगावं लागतं. मला दुसरा जास्त खरा वाटतो. ज्या बाईने आयुष्यभर कुणाचं काही घेतलं नाही, तिला जमिनीचा तुकडा देण्यापेक्षा हा उपकार घेणं कठीण आहे. तुम्हाला तिसरा सुचेल. सुचायलाच हवा. मात्र शेवट ठरल्याशिवाय पटकथेला हात घालू नका. शेवट पुढे बदलेल, पण काहीतरी शेवट समोर असल्याशिवाय मधल्या प्रसंगांना दिशा मिळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. ही सगळी गोष्ट एका घरात, एका दुकानात, एका शाळेत आणि एका बांधावर घडते. पहिल्या पटकथेला हे बळ मोठं आहे. पैसे उभे करणाऱ्यालाही आणि दिग्दर्शकालाही ती आवाक्यातली वाटते.

कागदाचं काम थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही पुस्तकात मिळतं. सगळी गोष्ट आठ-दहा वाक्यांत लिहा, शेवटासकट. आपल्याकडे त्याला वन लाइन म्हणतात. मग प्रसंगांची यादी, मग सीन, मग संवाद. सॉफ्टवेअर कोणतं, पानाची मांडणी कशी, हे आठवडाभरात शिकून होतं. वेळ द्यायचा तो त्या आठ-दहा वाक्यांना. आणि ती वाक्यं लोकांना तोंडी सांगा. चित्रपटाशी संबंध नसलेल्या माणसांना, आत्याला, एसटीतल्या शेजाऱ्याला. ‘मग तिनं काय केलं?’ असं त्यांनी विचारलं तर तुमची गोष्ट चालतेय. ‘हो, फार वाईट परिस्थिती आहे हो,’ असं म्हणाले तर तुमच्या हातात अजून विषयच आहे.

सांगायचं म्हटलं की मुलं घाबरतात: कुणी चोरली तर? भीती निराधार नाही. पण कायदा काय म्हणतो ते माहीत असावं. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे आपलं नाटक चित्रपटवाल्यांना वाचून दाखवलं होतं, पुढे १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ चित्रपट आला आणि ते न्यायालयात गेले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कल्पना, विषय, नुसतं कथासूत्र यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती त्या कल्पनेच्या मांडणीवर. प्रांतवाद दोघांनीही हाताळला होता, पण मांडणी वेगळी होती. लेखकाच्या दृष्टीने हा निकाल कटू वाटेल, पण त्यातून घ्यायचं ते स्पष्ट आहे. ‘रेशन आणि अंगठा’ हा विषय तुमचा नाही, माझाही नाही. बाजारातून आणलेला तांदूळ रेशनच्या पिशवीत भरणारी आजी लिहून काढलीत, तर ती तुमची. म्हणून आधी तपशिलात लिहा, लेखक संघटनेकडे नोंदवा, मग निर्धास्त सांगत फिरा.

या सभागृहात जी तरुण मंडळी आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. आज रात्री विषयाची वही बाजूला ठेवा. तुम्ही जवळून ओळखता अशा एका माणसाचं नाव कोऱ्या पानावर लिहा. येत्या महिन्याभरात त्याला काय ठरवावं लागणार आहे आणि ते ठरवताना त्याच्या हातून काय सुटणार आहे, ते खाली लिहा. सुचलं नाही तर उद्या त्याच्याकडे जाऊन बसा, त्याचं काम बघा, त्याला विचारा. पटकथेचं पहिलं पान त्यानंतर उघडा.